आयांचं मत

दिपमालाने सुपातले चिंचोके आणि सागरगोटे सतरंजीवर ओतले आणि ती मागे सरकून बसली. मुलांनी आपापले ढीग वेगळे करायला घेतले. मागच्या भिंतीशी कामिनी मॅडम मांडी घालून बसल्या होत्या. बालवाड्या चालवणाऱ्या संस्थेने प्रत्येक शिक्षिकेचा वर्ग पाहून तिची पारख करायला त्यांना जळगावहून पाठवलं होतं.

बालवाडीत खिचडी रांधणाऱ्या धनीबाईची लेक सुनिता ओंजळ भरून उठली, थेट मॅडमपुढे गेली आणि म्हणाली, "मोज."

मॅडम हसून मोजू लागल्या. दिपमालाने पदराने गळ्यावरचा घाम टिपला. हीच पोर गेल्या साली तोंड उघडत नव्हती. तिला कडेवर घेऊनच दिपमाला वर्गभर फिरायची, गाणी म्हणायची.

ज्या शिक्षिकेचं काम उजवं ठरेल तिला संस्था जळगावच्या बालवाडीत घेणार होती. दिपमालाला ती जागा हवी होती. यावलला भाड्याच्या खोलीत राहून ती रोज या सातपुड्याच्या पाड्यावर यायची. तिची पाच वर्षांची गार्गी मात्र जळगावला वडील आणि आजीजवळ वाढत होती. शनिवारी रात्री आई भेटायची, सोमवारी पहाटे निघून जायची. जळगावच्या जागेची गोष्ट दिपमालाने पाड्यावर फक्त धनीबाईला सांगितली होती. तिच्यापाशीच ती मन मोकळं करायची.

वर्ग संपल्यावर मॅडम मुलांच्या आयांशी बोलायला बाहेर मोहाच्या झाडाखाली गेल्या. शिक्षिकेने तिथे जायचं नाही, असा नियम होता. खिडकीतून दिपमालाला दिसलं, धनीबाई हातवारे करून काही सांगतेय आणि बाकीच्या बाया माना डोलावताहेत. आपल्यासाठीच जीव तोडून बोलतेय, या विचाराने तिला भरून आलं.

संस्थेच्या पुढच्या बैठकीत कळलं, ती जागा एरंडोलकडच्या मोनाली नावाच्या शिक्षिकेला मिळाली. बैठक उठल्यावर मॅडमनी दिपमालाला थांबवलं.

"तुमचा वर्ग मी डोळ्यांनी पाहिला. पण सगळ्या आया एकच सांगत होत्या. बाई उशिरा येते, पोरांवर खेकसते, काही शिकवत नाही. एखादीच म्हणाली असती तर मी कानाआड केलं असतं."

"धनीबाईसुद्धा?"

मॅडमनी पर्सचा बंद उगाच सारखा केला. "सुरुवात त्यांनीच केली."

शनिवारी मुलं घरी गेल्यावर दिपमाला चुलीपाशी जाऊन उभी राहिली. धनीबाई पातेलं घासत होती. दिपमालाने विचारलं, मी कधी उशिरा आले, कधी कुणावर खेकसले? धनीबाईने काहीच लपवलं नाही. तिने हात धुतले, लुगड्याला पुसले आणि पाड्यावर सगळे बोलतात तसं, बाईलाही अगंतुगं करत, शांतपणे सांगितलं,

"चांगली शे आसं सांगं, तं त्या तुले लई जातीन. मंग आम्हना पोरेसले कोन शिकाडी? म्हनीसन आम्ही बठ्ठासनी वाईट सांगं."

चांगलं सांगितलं तर तिला इथून नेतील, म्हणून सगळ्यांनी वाईट सांगितलं होतं. दिपमालाला हुंदका आवरेना. "आणि माझी पोरगी? ती तिकडे आईवाचून राहते, ते तुला माहीत होतं ना?"

धनीबाईला तिच्या रडण्याचं खरोखर नवल वाटलं.

"मंग तिले आठे लई ये ना. आम्हना पोरेसमा बसी. तू इतली चांगली शिकाडस."

गार्गीला इथे आणायचं? दिपमालाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. गार्गीची इंग्रजी शाळा, दारात येणारी व्हॅन, टाय, बूट. पण धनीबाई समोर उभी होती आणि तिच्या पाठीला चिकटून सुनिता. दिपमालाने पिशवी उचलली आणि रस्त्याला लागली.

जळगावला पोचली तेव्हा गार्गी चार रेघांच्या वहीत एकच इंग्रजी अक्षर पानभर गिरवत होती. बोटं दुखली तरी आजी उठू देत नव्हती. जेवताना नवऱ्याने, ललितने, जागेचं विचारलं.

"नाही मिळाली. आया म्हणाल्या, मी काही शिकवत नाही."

"पाड्यावरच्या बायांना काय कळतंय शिकवण्यातलं?"

सबंध वाटभर तीही मनात हेच म्हणत आली होती. ललितच्या तोंडून ऐकलं तेव्हा तिच्या हातातला घास तसाच राहिला.

"गार्गीला माझ्या वर्गात घालूया का?" तिने विचारलं.

ललितला वाटलं, ती थट्टा करतेय. तो हसला, मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला.

"तिथे?" तो म्हणाला.