नंबर तीन हजार बारा

नात किमया जन्मली त्या वर्षी, म्हणजे १९९३ साली, गिरिजाबाईंनी शाळेच्या शंभरीचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि स्वतःच्याच नावावर लाल पेन्सिलीने काट मारली. नाव ‘सेवक’ या यादीत होतं. पहारेकऱ्याची बायको, सफाईकाम.

“आई, नवं कोरं पुस्तक आहे ते,” धनेश म्हणाला. मुलगा कालच बोटीवरून उतरला होता. इंजिनरूमचा आवाज अजून कानातून गेला नव्हता.

“नाव चुकीच्या पानावर छापलंय. मी विद्यार्थिनी होते.”

“विद्यार्थ्यांच्या पानावर जज्ज आहेत, सर्जन आहेत. त्यांच्यात तुला बसवतील?”

“नामवंत नको म्हणावं. नुसती माजी विद्यार्थिनी चालेल. शाळेच्या जेवणाला येतोस, का मी एमआरटीच्या गाडीने एकटी जाऊ?”

एक्कावन्न साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, वर्ग झाडून झाला की फळा पुसण्याआधी त्या एकेक इंग्रजी अक्षर कागदावर उतरवून घेत. मोठ्या मॅडमनी ते पाहिलं आणि रजिस्टरात त्यांचं नाव घातलं. दोन वर्षं त्या बालवर्गात मागच्या बाकावर बसल्या. गुडघे बाकाखाली मावत नसत.

शाळेच्या स्नेहभोजनाला जुना रिवाज होता. सगळ्यांनी उभं राहायचं, ओळीने आपापला रजिस्टरचा नंबर सांगायचा आणि मगच बसायचं. दारात बसलेल्या शाळेच्या चिटणीसबाईंनी यादीवरून बोट फिरवलं.

“आँटी, स्टाफचं टेबल तिकडे, बरं का. जेवण सेमच आहे.”

“जेवायला नाही आले,” गिरिजाबाई इंग्रजीत म्हणाल्या आणि विद्यार्थ्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. धनेश आपल्या बुटांकडे बघत राहिला.

नंबर पुढे सरकत गेले, खुर्च्या वाजत गेल्या. तीन हजार अकरा बसले.

“तीन हजार बारा,” गिरिजाबाई म्हणाल्या.

“यादीत नाही. यादी परीक्षा पास झालेल्यांची आहे,” चिटणीसबाई म्हणाल्या. “पुढचे. तीन हजार तेरा.”

तो नंबर डॉक्टर लिम यांचा. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर त्यांचा फोटो होता. ते ताठ उभे होते, तोंड मिटून.

“डॉक्टर, प्लीज. तुमचा नंबर.”

“बाराच्या आधी तेरा कसा सांगू?” ते म्हणाले. “मागच्या बाकावर माझ्या शेजारी ह्याच बसायच्या. मी रडायचो. ह्या माझ्या पेन्सिलीला टोक काढून द्यायच्या.”

त्यांच्या मागचे साठ-सत्तर जण उभेच होते. टेबलांवरचं सूप निवत होतं. चिटणीसबाई टेबलावर पेन शोधू लागल्या.

धनेशने खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं.

नाव लिहून होईपर्यंत गिरिजाबाई बसल्या नाहीत.

गिरिजा शामकांत मयेकर, माजी विद्यार्थिनी, नंबर तीन हजार बारा, ९ मार्च १९९८ रोजी क्वीन्सटाउनच्या घरी वारल्या.