डावी टाकी

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली. त्यातली पहिली साडेतीन वर्षं माझं आणि सासऱ्यांचं बोलणं 'बाबा, चहा ठेवू?' आणि 'ठेव' यापुढे गेलं नाही. भांडण नव्हतं. ते अबोल आणि मी फटकळ. मी ठाण्याच्या कोळीवाड्यातली, तिथे दोन माणसं हळू आवाजात बोलायला लागली तर शेजारीण काय झालं म्हणून विचारायला येते. डोंबिवलीच्या या फ्लॅटमध्ये मला आपले कान बंद झालेत की काय असं वाटायचं.

बाबांचं नाव विठ्ठल. विमानतळावर एकतीस वर्षं विमानांत इंधन भरायचं काम केलं. निवृत्तीच्या दिवशी सोबतच्या लोकांनी त्यांना जम्बो जेटचं प्लॅस्टिकचं किट भेट दिलं. सुटे भाग जोडून, रंगवून हातभर लांबीचं विमान करायचं. अकरा वर्षं तो खोका कपाटावरच होता. निवांत करू म्हणत राहिले आणि मध्येच काचबिंदूने डोळे धरले. गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं की उरलेली नजर टिकवू, पण बारीक कामं विसरा.

त्या रात्री जेवताना ते एकदम म्हणाले, "दीप्ती, तू करशील का ते विमान? मला दिसतंय तोवर."

माझा नवरा सुदेश ताटातून मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. मी आयुष्यात नेलपॉलिशसुद्धा धड लावलेली नाही. पण नाही कसं म्हणणार? साडेतीन वर्षांत त्या माणसाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

तेव्हापासून दुपारी जेवणाचं टेबल आमचं. मी नकाशाचा कागद वाचायची, ते बाजूला बसून सांगायचे. भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात तिच्यातून मोडून काढायचे नाहीत, ब्लेडने कापायचे. गोंद ठिपक्याएवढाच. मी पहिल्याच दिवशी भसकन ओतला आणि विमानाच्या पोटावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. "आधार कार्डाचं काम झालं," बाबा म्हणाले. हा माणूस विनोद करतो हे मला तेव्हा कळलं.

आणखीही बरंच कळलं. विमानाचं इंधन पंखांत असतं. कप्तानाची सही घेतल्याशिवाय इंधनवाला हलत नाही. नाकात वजन घातलं नाही तर असलं छोटं विमान शेपटीवर बसतं. वजन कुठून आणायचं म्हणून मी माहेरी गेले आणि वडिलांच्या जुन्या जाळ्याला लावलेल्या शिशाच्या चार गोळ्या घेऊन आले. बाबांनी त्या तळहातावर तोलल्या आणि आमची जाळी, खाडी, मासळी असं सगळं विचारत बसले. मी दीड तास बोलले. त्यांनी ऐकलं.

एप्रिलमध्ये दोन्ही पंखांना पांढरा रंग दिला. तो चोवीस तास सावलीत वाळू द्या, असं कागदावर लिहिलं होतं. पण आमच्याकडे वाळवायचं म्हणजे उन्हात. बोंबील, जवळा, पापड, ओल्या चपला, सगळं उन्हात. चोवीस तास कोण थांबणार? बाबा जरा आडवे झाले होते. मी पंख स्टीलच्या ताटात ठेवले, धूळ बसू नये म्हणून वर काचेचं मोठं झाकण घातलं आणि ताट गच्चीवर ठेवून आले. आपण फार हुशार आहोत असंही वाटलं.

दीड तासाने गेले तर रंग सुरेख वाळला होता आणि दोन्ही पंखांची टोकं खाली वाकली होती. शिळ्या पोळीच्या कडा वाकतात तशी.

हे किट आता कुठे मिळत नव्हतं, मी तिथेच उभी राहून मोबाइलवर शोधलं. आणि मिळालं असतं तरी त्यांच्या सोबतच्यांनी दिलेलं ते हेच. ज्या माणसाने अकरा वर्षं जपलं, त्याचं विमान मी सुकटीसारखं वाळवलं होतं. आता हे पुन्हा 'ठेव' वर येतील, एवढंच डोक्यात फिरत होतं.

खाली आल्यावर आठवलं की प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण वाकडं झालं की आई ते गरम पाण्यात टाकून सरळ करायची. परातीत पाणी घेतलं, हाताला सोसेल त्याहून जरा जास्त गरम. एकेक पंख बुडवला, बोटांनी हळूहळू वर दाबला, तसाच धरून गार पाण्यात घातला. बोटं लाल झाली. उजवा सरळ आला. डावाही आला, पण टोकाशी थोडासा बाक राहिला. आणखी दाबायची हिंमत झाली नाही.

मी काही बोलले नाही. त्यांना कुठे एवढं दिसणार, असं मनाला सांगितलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी सकाळी विमान पूर्ण झालं. चाकांवर नीट उभं राहिलं, शेपटीवर बसलं नाही. बाबांनी ते खिडकीपाशी उजेडात नेलं. डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितलं. मग खुर्चीत बसले, विमान मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून बोटं फिरवायला लागले. नाक, पोट, माझा अंगठा, उजवा पंख. मग डावा. टोकाशी बोटं थांबली. मागे गेली आणि पुन्हा तिथेच आली.

"बाबा, मी ते उन्हात ठेवलेलं," मी बोलून टाकलं. "ताटात, झाकण घालून. वाकले दोन्ही. गरम पाण्यात घालून सरळ केले, पण डावा नाही आला पूर्ण. तुम्हाला सांगणार होते. नाही, खरं तर नव्हते सांगणार."

सुदेश दाराशी दात घासायचा थांबला.

"अगं," बाबा म्हणाले, "टाक्या भरल्या की पंख खाली येतातच. मी एकतीस वर्षं तेच बघत आलो. रिकामं विमान आलं की टोकं वर असायची, मी भरत जायचो तशी हळूहळू खाली यायची." त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. "फक्त डाव्या टाकीत थोडं जास्त भरलंयस."

मी खाली बसले आणि चक्क रडले. ते घाबरले, पाणी आण म्हणून सुदेशला हाक मारली.

मग त्यांनी रिकामा खोका मागवला आणि खिशातलं पेन माझ्यापुढे धरलं.

"इथे सही कर. भरलं कोणी ते कागदावर लागतं."

मी खोक्याच्या कडेला नाव लिहिलं. त्यांनी खोका जवळ ओढला, माझी अक्षरं बोटाने चाचपली आणि त्यांच्या खाली स्वतःची सही केली. ती माझ्या नावावर थोडी चढली.

"कप्तानाची," ते म्हणाले. "आता चहा ठेव. नाहीतर थांब, तू बस, मी ठेवतो."