आवाज नसताना

कान तपासण्यात बारा वर्षं काढलेल्या बाईला शांततेचीच भीती वाटावी, म्हणजे कमाल झाली. पण धाकटीचं तसंच झालं होतं खरं. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर तिची खोली, आणि खोलीत काचेची खिडकी असलेली, बाहेरचा आवाज आत न येणारी, कपाटाएवढी एक बंद पेटी. पेशंटने आत बसायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. ही बाहेर टेबलाशी बसून सूर सोडणार, सूर ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. आत कोणी पुटपुटलं तरी टेबलावरच्या स्पीकरमधून तिला कळायचं.

वर्षभरापूर्वी अशीच एक तपासणी चालू असताना ड्रॉवरमध्ये तिचा फोन थरथरला होता. तीनदा. तिने ड्रॉवर उघडून पाहिलं, ताईचा फोन. ताई म्हणजे एकदा बोलायला लागली की अर्ध्या तासाची निश्चिंती. नंतर करू म्हणून धाकटीने ड्रॉवर लोटून दिला. नंतर केला तेव्हा शेजारणीने उचलला. ताई पलंगावर आडवी झाली होती ती उठलीच नव्हती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून खोली शांत झाली रे झाली की ड्रॉवर थरथरायचा. तिने फोन घरी ठेवून पाहिला, ड्रॉवर रिकामा करून पाहिला, तरी तेच. अन्न गोड लागेना, हसणं तर ती विसरूनच गेली. कोणाला सांगितलं नाही, आईला तर नाहीच नाही. ताईचा फोन दिसला आणि मी उचलला नाही, हे आईला कुठल्या तोंडाने सांगणार? सांगितलं असतं तर आई आपल्याला कायमची दुरावली असती, अशी तिची खात्रीच होती.

मध्यंतरी दवाखान्याने कर्मचाऱ्यांसाठी व्याख्यान ठेवलं, आध्यात्मिक बुद्धिमत्ता आणि मनाचं आरोग्य. हजेरी सक्तीची, आता बोला! व्याख्यात्या बाई म्हणाल्या, दुःख आलं की पळू नका, त्याला समोर बसवा, विचारा का आलंस. धाकटीने सही ठोकली आणि मागच्या दाराने सटकली. रिकाम्या ड्रॉवरला काय विचारायचं, कपाळ?

मग वडिलांची तक्रार सुरू झाली की आईला हल्ली हाक मारली तरी तिचं लक्ष नसतं. एका सकाळी धाकटी तिला घेऊनच आली. पेटीत बसवलं, समजावलं, ऐकू आलं की दाब. तपासणीत मध्ये मध्ये काही सेकंद मुद्दाम काहीच वाजवायचं नसतं, अंदाजपंचे बटण दाबणारे त्यात बरोबर सापडतात. आईचे कान वयाच्या मानाने ठणठणीत निघाले. पण त्या रिकाम्या सेकंदांत तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा धाकटी वैतागून आत गेली आणि म्हणाली, अगं, काही वाजत नव्हतं, उगाच का दाबतेस?

"ताई हाक मारत होती," आई म्हणाली. "तूच म्हणालीस ना, ऐकू आलं की दाब."

बोलली तीही अशी, जणू दारात दूधवाला आलाय. धाकटीच्या पायाखालची जमीन सरकली, आणि वर्षभर दाबून धरलेलं तोंडातून निघूनच गेलं.

"आई, तिने मला तीन फोन केले होते. मी पाहिले आणि उचलले नाहीत."

आईने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "माहीत आहे. तिचा फोन माझ्याच कपाटात आहे." मग ती म्हणाली, "चौथा मला केला होता. छातीत जड वाटतंय म्हणाली. मी म्हटलं, दगदग झाली असेल, जरा पड."

धाकटीला आईचा राग आला, मग स्वतःचा, मग तिने ड्रॉवरच्या थरथरण्याचंही सांगून टाकलं. मग आईही सांगू लागली. पहिले काही महिने तीही कानांत कापूस कोंबून फिरायची, रेडिओ मोठ्याने लावून ठेवायची. एक दिवस कणीक मळता मळता हाक आली आणि ती इतकी कंटाळली होती की सरळ ओ दिली. हाक काही थांबली नाही, पण धडकी भरायची ती थांबली. आता ताई आली की आई तिला दिवसभराचं सांगते, कधी माफी मागते, कधी चक्क रागावते. बरी झाले असं नाही, ती म्हणाली, पण हल्ली कधी कधी हसू येतं.

"ती तुला घाबरवायला येत नाही गं. तू उचलत नाहीस म्हणून सारखी करते. बोलल्याशिवाय सोडायची का ती कधी कोणाला?"

एवढं बोलून आई उठली, धाकटीला खांदे धरून आपल्या जागी बसवलं आणि बाहेर जाऊन ते जाड दार लावून घेतलं.

आत इतकं सामसूम की तिला स्वतःच्या मानेतली शीर ऐकू येत होती. मग थरथर सुरू झाली. ड्रॉवर बाहेर होता, दार बंद होतं, तरी अगदी कानाशी. दुसऱ्यांदा थरथरलं तेव्हा दार ढकलून पळत सुटावं असं तिला वाटलं. वर्षभर तिच्या जिभेवर एकच वाक्य तयार होतं: पडू नकोस ताई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ये. काचेपलीकडे आई टेबलाशी बसली होती, स्पीकरला कान लावून.

तिसऱ्यांदा थरथरलं. धाकटीने आईकडे पाहिलं.

"हं, बोल ताई," ती म्हणाली. "आई सांगते तसं जरा पड. मी निघालेच आहे."

थरथर थांबली. काचेपलीकडे आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदाच ती हमसून हमसून रडली. आत धाकटीला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही.