वरच्या मजल्यावरची म्हैस

"कान सडला असता तर सडला असता! पण बिल्ला का काढलास?" काका ओट्यावरून ओरडत होता.

"तुमच्या कानात खिळा ठोकते, त्यावर माश्या बसवते, मग विचारा मला!" काकू गोठ्यातून म्हणाली. म्हैस मरून आठवडा झाला, तरी ही बाई रिकामा गोठा रोज झाडत होती. मी शेजारचा पुतण्या, दारात टेम्पो उभा करून दोघांचं ऐकत होतो. कोणाची बाजू घ्यावी तर दुसरा अंगावर येणार.

झालं होतं असं. तालुक्याच्या बँकेतल्या साहेबानं म्हशीचा विमा उतरवला होता. विम्याची खूण म्हणून तिच्या कानात नंबराचा पिवळा बिल्ला ठोकला. कान चिघळला, किडे पडले. म्हैस रात्रंदिवस डोकं आपटायची. काकूला बघवेना. तिनं बिल्ला काढला, कानाला औषध लावलं आणि बिल्ला धुऊन पुसून खुंटीला टांगला. देवाच्या वस्तूसारखा जपला म्हणा ना! महिन्याभरात कान बरा झाला आणि म्हशीला साप चावला. जनावरांचा डॉक्टर आला, दाखला लिहून गेला, आम्ही खड्डा खणून तिला पुरलं.

काका कमरेनं अधू. त्याच्या गोळ्यांपासून घरातल्या मिठापर्यंत सगळं त्या एका म्हशीच्या सडातून येत होतं. विम्याचे पैसे आले तर दुसरी म्हैस, नाही तर म्हातारपणी काकूनं दुसऱ्याच्या बांधावर गवत कापायचं.

म्हणून मी तिला टेम्पोत घालून तालुक्याला नेलं.

तिथं एकच इमारत. खाली बँक, पहिल्या मजल्यावर विमा कंपनी, त्यावर मेलेली जनावरं तपासणाऱ्यांचं ऑफिस, आणि सगळ्यात वर शेअरवाल्याचा बोर्ड. पैशांचा अख्खा बाजार एका जिन्याला लटकलेला.

बँकेतल्या साहेबाला आम्ही गोड्या म्हणायचो. विमा विकताना 'मावशी, आम्ही घरचीच माणसं' असं म्हणणारा हाच. आता म्हणाला, "मावशी, आम्ही फक्त विकतो. पैसे देणारे वर."

आम्ही वर गेलो. वरच्या साहेबानं बिल्ला उलटापालटा करून पाहिला. "हा कानात हवा होता."

"कानात किडे पडले होते हो साहेब."

"ते ठीक आहे. पण मेली ती हीच म्हैस कशावरून?"

"अहो, मला एकच होती!"

"डॉक्टरांनी लिहिलंय, एक म्हैस मेली. आमच्या नंबराची मेली असं कुठं लिहिलंय? आमच्या दृष्टीनं तुमची म्हैस जिवंत आहे."

माझं डोकं फिरलं. "साहेब, चला, खड्डा उकरून दाखवतो!" तो म्हणाला, ते तपासणारे बघतील, ते आणखी वर. आणखी वरचे म्हणाले, विमा कंपनीनं पाठवल्याशिवाय आम्ही कुठंच जात नाही. खाली-वर करून काकूचे गुडघे बोलायला लागले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, पण पाय धरायला गाढव तरी एका जागी उभं पाहिजे ना!

शेवटी विमा कंपनीच्या साहेबाला दया आली आणि तो आम्हाला समजावायला बसला. "मावशी, हे क्षेत्रच असं बनलेलं असतं. बँक पैसे सांभाळते. आम्ही जोखीम घेतो. तपासणारी संस्था वेगळी, तक्रार ऐकणारी त्याहून वेगळी. प्रत्येकाचं काम वेगळं."

"आणि मी कोण?"

"तुम्ही ग्राहक."

"जोखीम तुम्ही घेता म्हणालात ना? मग घ्या की मेल्यांनो! घरी तर ती माझ्याच गळ्यात पडलीय."

त्यानं डॉक्टरचा दाखला आणि बिल्ला परत दिला. आम्ही घरी आलो.

दोन महिने गेले. काकू गवत कापायला जायला लागली. एक दिवस बँकेतून पुस्तक भरून आणलं, तर खात्यातून म्हशीच्या विम्याचा पुढच्या वर्षाचा हप्ता कापलेला! न सांगता, न विचारता. काका डोकं धरून बसला. मी शिव्या दिल्या. काकू मात्र उठली, दुधाची बादली घासली आणि म्हणाली, "टेम्पो काढ."

बँकेत ही गर्दी. काकूनं रिकामी बादली गोड्याच्या टेबलावर दाणकन ठेवली.

"मावशी, हे काय?"

"धार काढा."

"अं?"

"म्हैस जिवंत आहे ना तुमची? माझ्या खात्यातून तिचा हप्ता खाता, मग दूध कुठाय? दोन वेळचं दूध द्यायची ती. काढा! मी बसलेय."

आणि खरंच बसली, भिंतीला टेकून फरशीवर. रांगेतली माणसं हसायला लागली. कोणी म्हणालं, "साहेब, आधी आंबोण ठेवा, मग पान्हा सोडेल!" गोड्याचा चेहरा उतरला. त्यानं घाईघाईनं कागद ओढला. "हप्ता बंद करतो मावशी, पैसेही परत टाकतो. कारण काय लिहू?"

"तुम्हीच सांगा."

गोड्यानं लिहिलं, 'म्हैस मयत'. शिक्का मारला. ना बिल्ला मागितला, ना कान.

काकूनं तो कागद हातात घेतला आणि माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग बादली उचलली आणि दाराकडं न जाता जिन्याकडं वळली. मी मागं धावलो.

वरच्या साहेबानं कागद पाहिला आणि पुढं सरकवला. "हे खालच्यांनी लिहिलंय. त्यांचा आमचा संबंध नाही."

"हप्ता खालून वर येताना बरा संबंध असतो," काकू म्हणाली. साहेब फोन घेऊन आत निघून गेला.

तर सध्या आमची म्हैस खाली मेलेली आहे आणि वर जिवंत. गोठा अजून रिकामा आहे. काकू दर सोमवारी गवताचा भारा टाकून माझ्या टेम्पोत बसते आणि बादली घेऊन पहिल्या मजल्यावर, साहेबाच्या दारासमोरच्या पायरीवर बसून राहते. परवा साहेब वैतागून म्हणाला, "मावशी, किती दिवस येणार आहात?"

काकू म्हणाली, "म्हैस मरेपर्यंत."