चार फुल्या, एक फुली

लेहटिनेनांच्या घरी लुमीचा डबा भरायला दोन मिनिटं पुरत, पण तिच्या आईला, काइसाला, दिवसभरात तेच काम सगळ्यात जड जाई. भात, टर्कीचे उकडलेले तुकडे, एक पेअर. सहा वर्षांच्या लुमीचा डबा गेली चार वर्षं हाच होता. शाळेत तो ती एकटी बसून खाई. जेवणघराच्या भिंतीलगत तिच्यासाठी वेगळं टेबल मांडलेलं होतं, आणि मुलांनी त्याला 'आजारी टेबल' असं नाव ठेवलं होतं.

लुमी दोन वर्षांची असताना पीनट बटरचा चमचा चाटून तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, दोन उलट्या झाल्या होत्या. कॅनडातल्या थंडर बेमधल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी घाईघाईत एकट्या शेंगदाण्याऐवजी चोवीस पदार्थांची रक्ततपासणी लिहून दिली. चौदा पॉझिटिव्ह आले. कागदावर प्रत्येकापुढे फुल्या होत्या. गव्हाला चार, दुधाला तीन, अंड्याला तीन. शेंगदाण्याला मात्र एकच.

"फुली असलेलं सगळं बंद," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या दिवसापर्यंत लुमी रोज दूध पीत होती, पाव खात होती, आणि तिला काहीही होत नव्हतं. डॉक्टरांनी ते विचारलं नाही. काइसानेही सांगितलं नाही. छापील कागदासमोर आईचं बोलणं कोण ऐकणार, असं तिला वाटलं.

मग सगळं घर फुल्यांवर चालू लागलं. पावाचा चुरा ओट्यावर दिसला की काइसा सगळा ओटा तीनतीनदा पुसून काढी. शेंगदाण्याबद्दल मात्र घरात सगळे 'थोडीशी ॲलर्जी' म्हणत. लुमीचं वजन दोन वर्षं वाढलं नाही. विनिपेगच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे नंबर लावला होता. तो यायला चौदा महिने होते.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सासूबाई हेल्वी आल्या होत्या. लुमी त्यांना मुम्मो म्हणे. काइसा तळघरात कपडे धूत होती. लुमी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मुम्मो, मला भूक लागलीये, पण भाताची नाही लागलेली."

हेल्वीबाईंना ते ऐकवेना. त्यांनी चष्मा लावून फुल्यांचा कागद वाचला. गहू नको, दूध नको. सगळ्यात कमी फुल्या कशाला, ते त्यांनी शोधलं. पेअरच्या फोडीला त्यांनी स्वतःच्या पिशवीतलं पीनट बटर लावलं, अगदी पातळ.

काइसा वर आली तेव्हा लुमी खोकत होती आणि तिचा ओठ सुजला होता.

"काय दिलंत आई तुम्ही तिला?"

"एकच फुली आहे गं त्याला. मी नीट वाचून दिलं."

काइसालाही तेच वाटलं. तिने खाजेचं सरबती औषध पाजलं आणि लुमीला मांडीवर घेऊन बसली. ॲलर्जीचा जोरात झटका आला तर टोचायचं इंजेक्शनचं पेन कपाटात होतं. गव्हासाठी तिने ते एका क्षणात उघडलं असतं. एका फुलीसाठी ती वीस मिनिटं थांबली. लुमीला उलटी झाली, श्वासात शिट्टी वाजू लागली, मान कलली, तेव्हा तिने पेन मांडीत टोचलं आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला.

लुमी वाचली. तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती.

आता मात्र विनिपेगचा नंबर अकरा दिवसांत लागला. डॉक्टर बुशार या बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, "हे पदार्थ खाऊन तिला कधी काय झालं, ते सांगा."

काइसाने सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"या फुल्या त्रास किती मोठा होईल ते सांगत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "ॲलर्जी असण्याची शक्यता किती, एवढंच सांगतात. एका फुलीच्या मुलाचाही श्वास कोंडू शकतो. आणि चार फुल्यांचा मुलगा आरामात पाव खात असतो. तिला गवताच्या परागकणांची सर्दी होते ना? गहूही गवताच्याच कुळातला, म्हणून गव्हाच्या फुल्या बहुतेक त्याच्याच."

"मग हे चार वर्षांत कुणी का सांगितलं नाही?"

डॉक्टरांनी एकेक पदार्थ खाऊन बघायच्या तारखा लिहून दिल्या.

पुढच्या सहा महिन्यांत लुमीला विनिपेगच्या दवाखान्यात, देखरेखीखाली, एकेक पदार्थ थोडाथोडा वाढवत खायला दिला. आठ तासांचा रस्ता, परत आठ तास. गहू पचला. अंडं पचलं. एकेक करत बारा पदार्थ सुटले. शेवटी दूध राहिलं. तिसऱ्या घोटाला लुमीच्या गळ्यावर गांधी उठल्या आणि ती खोकू लागली. नर्सने लगेच इंजेक्शन दिलं.

"ती दूध प्यायची," काइसा म्हणाली. "रोज दोन पेले प्यायची."

"अंगवळणी पडलेला पदार्थ एकदम बंद केला की काही मुलांत असं होतं," डॉक्टर हळू म्हणाल्या. "हिचं त्यामुळेच झालं का, ते मला खात्रीने सांगता येणार नाही."

काइसा रडली नाही. तिला इतका राग आला होता की तो कुणावर काढावा हेच कळेना. दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांवर, प्रयोगशाळेवर, का मुकाट्याने 'हो' म्हणणाऱ्या स्वतःवर?

सोमवारी ती शाळेत गेली. मुख्याध्यापिका मिसेस त्काचुक यांनी ॲलर्जीचा नवा फॉर्म पुढे केला. 'तपासणीत पॉझिटिव्ह आलेले सर्व पदार्थ लिहा', असं त्यावर छापलं होतं.

"हे मी भरणार नाही," काइसा म्हणाली. "शेंगदाणा आणि दूध, एवढंच लिहीन. खाऊन काय होतं तेही लिहीन. आणि ती इतर मुलांबरोबर बसेल."

"फॉर्म बदलणं माझ्या हातात नाही हो."

"असा फॉर्म भरलेली आणखी किती मुलं आहेत शाळेत?"

"नऊ."

"त्यांच्यापैकी खाऊन त्रास किती जणांना झालाय?"

मिसेस त्काचुक यांनी फाईल उघडली. एक पान उलटलं, दुसरं, तिसरं. नवव्या पानावर त्या थांबल्या.

"ते फॉर्ममध्ये विचारलेलंच नाही," त्या म्हणाल्या.

"मग आज विचारा. नावं मला सांगू नका, फोन तुम्हीच करा. पण सगळ्यांना विचारून होईपर्यंत मी बाहेर बसून आहे."

काइसा बाहेर बाकावर जाऊन बसली. दार अर्धवट उघडं होतं. मग मिसेस त्काचुक यांनी पहिला नंबर फिरवला.