यादी बाहेर गेली तेव्हा

सेनगावच्या रस्त्यावरल्या एका गावात एका सेवाभावी संस्थेचा दवाखाना आहे. तिथं जाई संगणकावर नोंदी करायची. कामात चोख, पण घाईची. एका दुपारी तिनं क्षयरोग्यांची यादी दवाखान्याच्या ग्रुपवर टाकायला घेतली आणि ती गेली गावाच्या ग्रुपवर! नाव, फोन, आजार, सगळं. दहा मिनिटांत तिनं ती पुसली. एवढ्यात कोण बघतंय, असं म्हणून गप्प राहिली.

पंधरा दिवसांनी गोजरबाई गोळ्या न्यायला आली नाही. शाळेत खिचडी शिजवणारी ही बाई चार महिन्यांत एकदाही चुकली नव्हती. परिचारिका तरन्नुम तिच्या घरी जाऊन आली.

"जाई, यादी बाहेर गेली होती?"

"चुकून गेली, ताई. लगेच काढली की."

"तेवढ्यात कुणीतरी फोटो काढून ठेवला. तो पोरांच्या पालकांपर्यंत पोचला, त्यांनी गोजरबाईला कामावरून काढायला लावलं. आजार न्हाईच, हे दाखवायला तिनं गोळ्या सोडल्या! जिवावर बेतंल तिच्या."

जाई खुर्चीवरून उठलीच. "मी आत्ताच शाळेत जाऊन सांगते, तिच्यापासून आता लागण होत नाही, डॉक्टरांनीच तिला कामाची परवानगी दिली होती म्हणून."

"थांब! तिचा आजार पुन्हा चारचौघांत काढणार? तिला विचारलंस? ती माहिती आपली न्हाई, तिची हाय. आपल्यावर भरवसा ठेवून दिली तिनं."

जाई गोजरबाईच्या दारात उभी राहिली. "मावशी, तुमचं नाव माझ्या हातून बाहेर गेलं."

"मला वाटलं, शेजारणीनंच सांगितलं. तिच्याशी बोलणं टाकलं म्या," गोजरबाई म्हणाली. "आजार तर बरा होऊन राहिला होता, बाई. लोकायच्या नजरेला काय औषध?"

जाईला रडू आवरेना. "मी काय करू, तुम्हीच सांगा."

"तू नको. डॉक्टरला शाळेत येऊ दे. म्या बी येते, बसते समोर. आन् गोळ्या दे."

डॉक्टर गोजरबाईला घेऊन शाळेत गेले, पालकांशी बोलले. सगळ्यांना पटलं नाही. तरी महिन्याभरानं गोजरबाई कामावर परतली. जाईनं आपली चूक संस्थेला लेखी कळवली. आता रुग्णांची यादी कुणाच्याच मोबाईलवर जात नाही; ज्याचं काम, त्यालाच ती उघडता येते.

वाचकहो, अशा याद्या आपल्याही कचेरीत, शाळेत असतात. पाठवण्याआधी विचारा, ही माहिती कुणाची आणि कुणाला हवी? आणि चूक झालीच, तर लपवू नका. जाईनं त्याच दुपारी तोंड उघडलं असतं, तर दवाखान्यानं गोजरबाईला वेळीच गाठून धीर दिला असता आणि तिच्या गोळ्या सुटल्या नसत्या!