सहीपुरती जागा

"यंदा आपल्या खात्याला मंत्री किती झाले?" इम्राननं टेबलावर चमचा आपटला. "बरोबर आकड्याला एक गुण. आणि जो क्रमाने नावं सांगेल, त्याला बिस्किटांचा अख्खा डबा!"

ख्रिसमसच्या आधीचा गुरुवार होता. लीड्सच्या आमच्या आरोग्य खात्याच्या कचेरीत दरवर्षी त्या दिवशी दुपारी सरत्या वर्षावर क्विझ होते. डोक्यावर कागदी मुकुट घालायचे, गोड सारणाच्या पेस्ट्र्या खायच्या आणि मागे वळून बघत हसायचं.

"तीन!" कोणीतरी ओरडलं.

"चार रे, तो उन्हाळ्यातला धर की."

"तो मंत्री होता? मला वाटलं फोटोकॉपीचं मशीन दुरुस्त करायला आलाय!"

सगळे पोट धरून हसले. मला मात्र हसू येईना. सकाळपासून डोकं सणकलं होतं. मी उठले आणि चारही नावं, कोण कुठल्या तारखेला आला नि कुठल्या तारखेला गेला, सगळं घडाघडा सांगून टाकलं.

"बाई गं, जीनेट," आमची साहेबीण निकोला म्हणाली, "एवढं पाठ कशाला केलंस?"

"पाठ नाही केलं," मी म्हटलं. "भोगलंय."

इम्राननं डबा माझ्या हातात ठेवला. तो काखोटीला मारून मी जागेवर येऊन बसले. मागे पुढचा प्रश्न सुरू झाला होता.

मी जीनेट हार्डकॅसल. सव्वीस वर्षं माझं काम एकच. लोक मंत्र्यांना पत्रं लिहितात आणि मंत्र्यांच्या नावाने त्यांची उत्तरं मी लिहिते. आमच्याकडे एक रीत आहे. पत्र छापायचं, पण वर 'प्रिय अमुक' आणि खाली 'आपला' यांची जागा कोरी सोडायची. तेवढं मंत्री स्वतःच्या हाताने शाईच्या पेनाने लिहितो आणि सही करतो. पत्र माणसाकडून आलंय असं वाटावं म्हणून. मजकूर माझा, चार शब्द त्याचे. सहीआधीच मंत्री गेला, तर फाइलमधली सगळी पत्रं परत येतात. ती कातरायची, नव्या मंत्र्याच्या लेटरहेडवर नवा मसुदा करायचा आणि पुन्हा लंडनला पाठवायचा. पूर्वी हे दोन-तीन वर्षांतून एकदा व्हायचं. मला कधी त्याचा राग आला नव्हता.

फेब्रुवारीत टॉडमॉर्डनहून एक पत्र आलं. रेघांच्या कागदावर, सावकाश अक्षरात. लिहिणारे होते क्लिफर्ड ऑर्मरॉड, वय एक्याऐंशी. जानेवारीत त्यांची बायको बेरिल स्वयंपाकघरात घसरून पडली. त्यांनी फोन केला. फोनवरच्या आवाजाने सांगितलं, हलवू नका, खायला-प्यायला काहीही देऊ नका, रुग्णवाहिका येते आहे. रुग्णवाहिका अकरा तासांनी आली. घरातले सगळे कोट आणून त्यांनी तिच्या अंगावर घातले होते. 'तिने सहा वेळा चहा मागितला,' त्यांनी लिहिलं होतं. 'मी दिला नाही. गाडी आली तेव्हा ती बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी गेली. मला पैसे नकोत. कुणाची नोकरी जायला नको. चूक माझी होती की तुमची, एवढंच एका ओळीत लेखी कळवावं.'

मी मसुदा केला. त्यात एक ओळ टाकली: 'ही चूक आमची होती, तुमची नव्हती.'

कायद्याच्या विभागातून फोन आला. "जीनेट, इतकं उघड लिहायचं?"

"तो माणूस अकरा तास जमिनीवर बसला होता," मी म्हटलं. "त्याला आडून सांगितलेलं कळणार नाही."

तीन आठवडे घासाघीस झाली, पण ओळ टिकली. पत्र सहीला गेलं. मिस्टर ऑर्मरॉड दर मंगळवारी दहा वाजता फोन करायचे.

"काय म्हणतोय तुझा मंत्री, पोरी?"

मी एकसष्ट वर्षांची, पण त्यांना मी पोरच. "सहीला गेलंय," मी सांगितलं.

"आणि ती ओळ? आहे त्यात?"

पत्रातला मजकूर आधी सांगायचा नसतो. हे मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवते. पण तो आवाज ऐकून माझ्याच्याने राहवलं नाही. "आहे," मी म्हटलं. "मीच लिहिलीये. तुम्हाला मिळणार. शब्द देते."

दिला शब्द! जसं काही सरकार माझ्या बापाचं!

जुलैत पंतप्रधानाची खुर्ची हलली आणि मंत्री राजीनामे द्यायला रांगेत उभे राहिले. आमच्याने तर दोन पानी राजीनामा लिहिला. तत्त्व, सचोटी, देश, सगळं होतं त्यात. खाली झोकदार सही ठोकून त्याचा फोटो त्याने जगाला दाखवला. स्वतःच्या पत्रावर सही करायला पेन सापडलं बरं का! आणि मार्चपासून ज्या फाइलमध्ये ऑर्मरॉड पडून होते, ती जशीच्या तशी माझ्याकडे परत आली. वरचा रबरबँडसुद्धा मीच लावलेला.

"टीव्हीवर बघितलं," मंगळवारी मिस्टर ऑर्मरॉड म्हणाले. "तुझा गेला म्हणायचा."

"गेला."

"आणि आपलं पत्र?"

"नाही केली सही."

"बरं, बरं. गडबडीत असेल बिचारा."

बिचारा म्हणे!

दुसरा आला तो उन्हाळ्यातला. आठ आठवडे त्यांच्या पक्षाचे लोक गावोगावच्या सभागृहांत टाळ्या पिटत नवा पंतप्रधान निवडत होते आणि तोवर कुणी कशावर सही करायची नाही, असं ठरलं होतं. पत्र परत आलं, वर पिवळी चिठ्ठी: 'तूर्त थांबावं.' थांबावं! ज्याने अकरा तास थांबून बघितलं होतं, त्याला हे सांगायचं होतं. मी मंगळवारी फक्त म्हटलं, "अजून वेळ लागेल." ते म्हणाले, "असू दे, मी कुठे जातोय?"

सप्टेंबरात तिसरा आला आणि दोन दिवसांत राणी गेली. दहा दिवस सगळं बंद होतं, ते मी समजू शकते. मिस्टर ऑर्मरॉडसुद्धा त्या मंगळवारी पत्राचं काही बोलले नाहीत. "बेरिलने तिला एकदा बघितलं होतं, हॅलिफॅक्सला, शाळेत असताना," एवढंच म्हणाले. मग पौंड गडगडला आणि वर एकच पळापळ झाली. त्या गोंधळात पत्र कुणी वाचलंच नसावं, कारण माझी ओळ शाबूत राहिली. मंत्र्याने पेन उघडलं, वर निळ्या शाईत छान वळणदार 'प्रिय मिस्टर ऑर्मरॉड' लिहिलं, आणि बहुतेक तेवढ्यात कोणीतरी येऊन त्याला बातमी सांगितली. खालची जागा कोरीच राहिली. एक सही, हो! तीन सेकंदांचं काम! नव्या पंतप्रधानबाई जेमतेम दीड महिना टिकल्या आणि त्यांच्यामागे तोही गेला.

ते पत्र कातरायला हवं होतं. सव्वीस वर्षांत मी शेकड्याने कातरली असतील. हे मात्र मी माझ्या खालच्या खणात ठेवलं आणि कुलूप लावलं.

चौथ्याच्या कचेरीतून एका तरुण सचिवाचा फोन आला. गोड आवाज होता. "वैयक्तिक माफी नव्या धोरणात बसत नाही. आपण ते वाक्य काढू या ना."

"मग उरतं काय?" मी विचारलं.

"सहानुभूती," तो म्हणाला.

मी भांडले, दोनदा लेखी भांडले. निकोलाही माझ्या बाजूने उभी राहिली. काही उपयोग झाला नाही. आणि क्विझच्या दिवशी सकाळी, साडेनऊ महिन्यांनी, सही झालेलं पत्र आलं. वर 'प्रिय', खाली 'आपला', सही ठसठशीत. मधे चार ओळी होत्या: आपलं पत्र मिळालं, आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे, हिवाळ्यासाठी खात्याने अमुक योजना आखली आहे. बेरिलचं नावसुद्धा नव्हतं.

म्हणून मला हसू येत नव्हतं. वर्षभर हे लोक एकमेकांच्या खुर्च्या ओढत राहिले, आणि आम्ही मुकुट घालून त्यावर बिस्किटं वाटत होतो.

मी खण उघडला. अर्धवट पत्र काढून पिशवीत ठेवलं, सही झालेलंही ठेवलं. वर बघते तर निकोला समोर उभी.

"ते जुनं नष्ट करायचं असतं, जीनेट."

"माहितीये."

पिशवीतून डोकावणाऱ्या त्या निळ्या अक्षरांकडे तिने पाहिलं. "मी काही बघितलं नाही," ती म्हणाली. "आणि हे बघ, बिस्किटं विसरू नकोस."

रेल्वेचे संप चालू होते, पण त्या दिवशी नशिबाने गाडी मिळाली. टॉडमॉर्डनला उतरले, चढ चढून गेले. मिस्टर ऑर्मरॉडनी दार उघडलं. फोनवरून वाटायचे त्यापेक्षा लहानखुरे, टाय बांधलेला, वर विणलेलं जाकीट.

"मी जीनेट. मंगळवारची."

"अरेच्चा! सरकार घरी आलं की!" ते खूश होऊन बाजूला झाले. "ये ये, पोरी, पाय पुसू नकोस, तसंच ये."

बैठकीच्या खोलीत बसलो. मी आधी सहीचं पत्र दिलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, उलटून मागची बाजूही बघितली.

"ओळ नाहीये," ते म्हणाले.

"काढली त्यांनी. मी शब्द दिला होता, मिस्टर ऑर्मरॉड. मला लाज वाटते."

मग मी दुसरं दिलं. ते त्यांनी हळूहळू, बोट फिरवत वाचलं. बोट एका जागी थांबलं. "ही चूक आमची होती," त्यांनी मोठ्याने वाचलं, "तुमची नव्हती." मग बोट खाली सरकलं. "इथे कोणीच नाही?"

"सही करायच्या आधीच गेला तो."

"मग हे लिहिलं कोणी?"

"मी."

माझ्या मनात काय आलं कोण जाणे. मी पिशवीतून पेन काढलं, पत्र माझ्याकडे ओढलं. नोकरी गेली तर गेली. "मीच करते सही," मी म्हटलं. "माझ्या नावाने. कोणीतरी करायला नको का?"

त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. बेरिलची गाडी तू अडवली होतीस?"

"नाही."

"चहा देऊ नका म्हणून तू सांगितलंस?"

"नाही, पण..."

"मग तुझी सही कशाला? वर्षभर मी दुसऱ्याची चूक मांडीवर घेऊन बसलोय, पोरी. कसं वाटतं ते मला माहितीये. तू नको घेऊस."

माझ्या हातातून पेन घेऊन त्यांनी त्याला टोपण लावलं, नीट बसलंय ना ते पाहिलं, आणि मला परत दिलं. कोऱ्या जागेचं पत्र त्यांनी बेरिलच्या फोटोला टेकवून उभं केलं. सहीचं पत्र पुन्हा पाकिटात घातलं आणि स्वतःचं पेन घेऊन पाकिटावर, आपल्या त्या सावकाश अक्षरात, लिहिलं: 'पाठवणाऱ्यास परत.'

"जाताना पेटीत टाक," ते म्हणाले. "चुकून आलंय माझ्याकडे."

मी बिस्किटांचा डबा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"जानेवारीपासून या घरात चहा केला नाही मी," ते म्हणाले. "खालच्या कॅफेत जाऊन पितो."

"राहू दे हो. मला नकोय."

"मला हवाय."

ते उठले. दारातून मला दिसत होतं. ओट्याकडे जाताना फरशीच्या मधल्या भागाला त्यांनी वळसा घातला, भिंतीला धरून, कडेकडेने. नळ सोडला, किटली भरली, बटण दाबलं. पाणी तापेपर्यंत ते पाठमोरे तसेच उभे होते.